संत अपोलोनियाची दाढ

१

झेलेनाक बेटावर संत अपोलोनियाची दाढ चोरीला गेली ती ऐन युगोत.

युगो म्हणजे दक्षिणेचा वारा. दमट, चिकट आणि चिवट. तो सुटला की मिठाला पाणी सुटतं, दारं फुगून चौकटीत अडकतात, वाळत घातलेले कपडे आदल्या दिवसापेक्षा ओले होतात, आणि सुखाने नांदणारी माणसं कधीकाळच्या भांडणातला राहिलेला मुद्दा आठवून पुन्हा सुरुवात करतात. बोट बंद होते. डोकी दुखतात. जुन्या काळी म्हणे इथले न्यायाधीश युगोत निकालच देत नसत आणि युगोत केलेल्या गुन्ह्याला थोडी सूटही देत. त्यामुळे बेटावरच्या शहाण्या माणसांना काही वाकडंतिकडं करायचं असेल तर ती वारा बघून करत.

तोन्का दुपारची घंटा वाजवायला चर्चमध्ये शिरली. साठीची बाई, दर्यावर गेलेल्या नवऱ्याची विधवा. चर्चची झाडलोट, फुलं, मेणबत्त्या आणि घंटा हे तिचं काम, आणि त्याबदल्यात धक्क्यावरचं चर्चच्या मालकीचं दोन खोल्यांचं घर राहायला. घंटेच्या दोरीला हात घालण्याआधी चांदीच्या डबीच्या काचेला ओठ लावायची तिची रोजची सवय. त्या दिवशी ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. काच जागेवर होती. कुलूप लागलेलं होतं. आत लाल मखमल होती आणि मखमलीत दाढेएवढा खळगा. दाढ नव्हती.

घंटा वाजवायचं ती विसरली. घंटा झाली नाही म्हणून अर्ध्या गावाने जेवण तसंच चुलीवर ठेवलं, आणि उरलेलं अर्धं काय झालं ते बघायला चर्चकडे आलं.

संत अपोलोनियाचे दात छळ करणाऱ्यांनी पाडले होते, म्हणून ती दातांची संत. तिची एक दाढ झेलेनाकला कशी आली हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मग चर्चच्या शेजारी 'व्हिला अपोलोनिया' उभी राहिली. खाली दवाखाना, वर हॉटेल, पुढे समुद्र. आठवडाभर या, पोहा, मासे खा, आणि जाताना नवे दात, नवं नाक किंवा निदान नव्या पापण्या घेऊन जा, अशी सोय. प्रत्यक्षात टाके घातलेल्यांना पोहायची बंदी आणि उन्हाची त्याहून, त्यामुळे पाहुणे आठवडाभर छत्रीखाली पट्ट्या बांधून समुद्राकडे बघत बसत. पण खुर्चीत बसण्याआधी प्रत्येक जण शेजारी येऊन दाढेची काच चुंबायचा. भिंतीवर पूर्वी नवसाचे चांदीचे हातपाय आणि डोळे टांगलेले असत; आता तिथे नाकं आणि हनुवट्या होत्या, आणि एक जोडी अशी होती की तिच्याकडे पाठ करूनच चर्चचे पाद्री फादर फ्राने प्रवचन देत.

व्हिलाने आपल्या जाहिरातीत दाढेचा मोठा फोटो छापला. तो फिरत फिरत बिशपच्या कचेरीत पोचला. तिथल्या एका मॉन्सिन्योरना, म्हणजे पवित्र अवशेष तपासणाऱ्या वरच्या पाद्र्यांना, दाढ एकदा डोळ्यांखालून घालावीशी वाटली. ते येणार होते. फक्त बोट सुरू व्हायची खोटी होती.

गर्दीतून गाश्पार पुढे आला. व्हिलाचं हॉटेल तो चालवायचा आणि चर्चच्या समितीचा तोच अध्यक्ष. गालावर हात दाबून, जड जिभेने, तो म्हणाला की झालं ते फार वाईट झालं, पण किल्ली तोन्काच्या ताब्यात, तेव्हा जबाबदारीही तोन्काची. रविवारी समिती बसेल. तोवर तिने घरातलं सामान आवरायला घेतलेलं बरं.

२

बार्बा येरे बाराका तेव्हा आपल्या ओसरीवर लवंग चावत बसले होते. बार्बा म्हणजे काका. पिकल्या केसांच्या पुरुषाला बेटावर सगळे बार्बाच म्हणतात. समोरच्या किनाऱ्यावर पोलीस इन्स्पेक्टर म्हणून जन्म काढून ते गावी परतले होते. त्यांनी चाकूवाले पकडले होते, बंदूकवाले पकडले होते, पण दंतवैद्याच्या खुर्चीत ते आयुष्यात एकदाही बसले नव्हते, आणि आता खालच्या जबड्यातल्या एका दाढेने त्याचं उट्टं काढायला घेतलं होतं. बसलं की दुखायचं, उठलं की ठणकायचं. फादर फ्राने आले तेव्हा ते अंगणात येरझाऱ्या घालत वाऱ्याला शिव्या देत होते.

"मी पाद्री आहे हे लक्षात असू दे," फादर म्हणाले.

"लक्षात आहे म्हणून हळू देतोय."

फादरनी सगळं सांगितलं. बोट बंद, म्हणजे पोलीस येणार नाहीत. पण बोट बंद म्हणजे चोर आणि दाढही बेटावरच. सकाळच्या प्रार्थनेनंतर आपण न्हाव्याकडे होतो, त्याला अर्धा गाव साक्षीला आहे, हेही त्यांनी न विचारता सांगून टाकलं. बार्बांनी गाल दाबून धरला आणि निघाले. घरी बसून दुखण्यापेक्षा चालताना दुखलेलं त्यांना परवडत होतं.

डबीचं कुलूप किल्लीनेच उघडलेलं होतं. किल्ली दाराआडच्या खिळ्यावर असायची आणि तो खिळा बेटावरच्या पोराटोरांनाच काय, मांजरांनाही ठाऊक होता. बार्बांनी काच नाकाजवळ नेली.

"तू काच कशाने पुसतेस?" त्यांनी तोन्काला विचारलं. दोघं एका वर्गात शिकलेली.

"व्हिनेगरने. शनिवारी. आज नाही पुसली."

काच लख्ख होती, आणि व्हिनेगरचा वास नव्हता. वास स्पिरिटचा होता.

तोन्का बाकावर बसली. हात मांडीवर, नजर डबीवर. घर जाणार म्हणून ती रडत असेल असं बार्बांना वाटलं होतं. ती रडत नव्हती. घराचं त्यांनीच काढलं तर तिने हात झटकला, म्हणाली बहिणीकडे राहीन, चुलीच्या खोलीत राहीन. मग आवाज खाली आणून म्हणाली, "येरे, ती शोध. पण सापडली की कुणाला दाखवू नकोस. आधी माझ्याकडे आण."

"मॉन्सिन्योरना दाखवायचीय ना?"

"त्यांना तर नाहीच."

बार्बांनी पुढे विचारलं नाही. खुर्चीत बसवून उत्तरं काढायची त्यांना सवय होती, पण तोन्काला नाही. बाहेर पडताना ते दफनभूमीच्या भिंतीजवळून गेले. तोन्काच्या नवऱ्याची, बेपोची, पाटी तिथे होती. दर्यावर नसे तेव्हा चर्चचं काम बेपोच बघायचा. एका युगोत त्याची होडी परत आली आणि तो आला नाही. पाटीवर नाव होतं. पाटीखाली काहीच नव्हतं.

३

जेवणं झाल्यावर बार्बा व्हिलाच्या गच्चीवर गेले. पत्त्यांचा डाव रोजचाच. आज मोडला असता तर चोराला संशय आला असता, आणि शिवाय घरी दाढ होती.

ओळीने आरामखुर्च्या होत्या आणि त्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं. एकाच्या डोक्यावर नव्याने लावलेल्या केसांची रोपवाटिका, एकीचं नाक प्लॅस्टरमध्ये. वारा छत्र्या उलट्या करत होता. सुट्टी चालू होती.

टेबलावर बार्बांचा भिडू गाश्पार. समोर फादर फ्राने आणि त्यांची भिडू सिन्योरा ओर्नेल्ला, इटलीतल्या त्रिएस्तेच्या एका सोनाराची विधवा, व्हिलाची जुनी गिऱ्हाईक. हा खेळ झेलेनाकला चेहऱ्याने खेळतात. भिडूला खुणावायची परवानगी असते, फक्त समोरच्याला दिसता कामा नये. राजा असेल तर भुवया वर. तिर्री असेल तर तोंड वाकडं, आणि या खेळात तिर्री राजाला भारी, एक्क्याच्या खालोखाल. माणूस चालायला लागतो त्याच सुमाराला इथे हे शिकतो.

सिन्योराची पंचाईत अशी की कपाळावरच्या सुरकुत्या घालवायला तिने इतकी इंजेक्शनं घेतली होती की कपाळ आता तळ्यासारखं शांत होतं. तिच्याकडे राजा आला तरी भुवया हलत नव्हत्या.

"सिन्योरा, राजा होता तर सांगायचं नाही का?" फादर कळवळून म्हणाले.

"सांगितला की. दोनदा सांगितला."

गाश्पार हसायला गेला आणि गाल धरून थांबला. सकाळपासून दुपारच्या गलक्यापर्यंत आपण खालच्या दवाखान्यात डॉक्टर नेव्हेनच्या खुर्चीत होतो, असं त्याने जड जिभेने सांगितलं. दोन दाढांचं काम, उजवा जबडा पार बधिर, ओठ कुठे आहे तेही कळत नाही. कॉफी आली ती त्याने परत पाठवली. ओघळ सांडत बसायचं का लोकांत, म्हणाला.

पत्ते पिसता पिसता बार्बांनी सिन्योराला सहज विचारलं. ती सकाळची प्रार्थना संपल्यावर एकटीच चर्चमध्ये गेली होती. दाढ तेव्हा जागेवर होती. "मी काचेचा मुका घेतला. माझ्या लिपस्टिकचा डागही पडला, पुसायचा राहिला. मला फार वाईट वाटलं, पण वाकायला त्रास होतो हो." ही दाढ विकत मिळेल का, असं तिने गेल्या वर्षी विचारलं होतं, ही आठवण गाश्पारने मोठ्या अदबीने करून दिली. सिन्योराला धक्का बसला असावा. चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

शेवटचा डाव चुरशीचा झाला. बार्बांकडे हुकमाचा एक्का होता आणि तो आत्ता टाकावा की दाबून ठेवावा हे ठरेना. त्यांनी भिडूकडे पाहिलं. गाश्पारने समोरच्यांची नजर चुकवून तोंडाचा उजवा कोपरा कणभर वाकडा केला आणि लगेच सरळ. तिर्री त्याच्याकडे. बार्बांनी एक्का दाबून ठेवला, आणि डाव त्यांचा झाला.

फादरनी पानं टेबलावर टाकली. "संत तुमच्यावर खूश दिसते."

"तिला आज दुसरी कामं आहेत," बार्बा म्हणाले, आणि जीभ दाढेला लागून कळवळले.

४

डॉक्टर नेव्हेन पांढऱ्या कोटातला, मऊ हातांचा, मऊ बोलणारा माणूस. बोलता बोलता टेबल पुसायचा, मग पेन पुसायचा, मग ज्या फडक्याने पुसलं ते फडकं टाकून हात पुसायचा. दारात ओल्या कापसाचा डबा. बार्बांनी श्वास घेतला. स्पिरिट.

डॉक्टर म्हणाला की हो, गाश्पार सकाळभर माझ्या खुर्चीत होता. म्हणजे गाश्पारसाठी डॉक्टर साक्षीदार आणि डॉक्टरसाठी गाश्पार. दोघं एकमेकांना टेकून उभे होते. एक काढला की दुसरा आपोआप पडणार, पण काढायचा कसा? स्पिरिटचा वास तर व्हिलातल्या प्रत्येक माणसाच्या हाताला होता. सिन्योराच्या पर्समध्येही ओल्या कापसाची पुडी होती. आणि दवाखान्याच्या पोटापाण्याची दाढ दवाखानाच कशाला पळवेल?

"बार्बा," डॉक्टर म्हणाला, "तुमचा गाल भोपळ्याएवढा झालाय. चौकशी नंतर करा. बसा."

बार्बांनी दारूचे, खुनाचे, हाणामारीचे पुष्कळ प्रसंग पाहिले होते, पण त्या खुर्चीच्या पाठीला हात लागताच ते दोन पावलं मागे सरले. तरी बसले. दाढेने त्यांना बसवलं असं म्हणणं जास्त बरोबर. डॉक्टरने भुलीचं इंजेक्शन दिलं आणि अवजारांचं ताट पुढे ओढलं. ताटात एक पक्कड होती. बार्बांनी ती पाहिली, चौकशीतला एक फार तातडीचा मुद्दा त्यांना आठवला, आणि गळ्यातला रुमाल तसाच ठेवून ते बाहेर पडले.

गच्चीवर दुसरा डाव मांडलेला होता. ते सरळ आपल्या जागेवर बसले. दाढ पहिल्यांदाच गप्प होती आणि त्यांना जग बरं वाटायला लागलं होतं. पानं वाटली गेली. हुकमाची तिर्री त्यांच्याच हातात आली. त्यांनी सवयीने गाश्पारला खूण केली, तोंडाचा कोपरा कणभर वाकडा.

काही झालं नाही. निदान झालं की नाही हे त्यांना कळेना. त्यांनी आणखी थोडा जोर लावला. अर्धा चेहरा एका बाजूला गेला, हनुवटी हलली, डोळा मिटला, आणि ओठाच्या कोपऱ्यातून एक ओघळ पानांवर पडला.

"येरे," फादर काळजीने म्हणाले, "तुला झटका आला की तिर्री आली?"

सिन्योराला हसू आवरेना. तेवढं तिचं तोंड अजून तिचं होतं. गाश्पार मात्र हसला नाही. तो बार्बांच्या लोंबत्या ओठाकडे बघत राहिला, आणि त्याचा स्वतःचा हात, सकाळपासून गालावर असलेला, हळूच खाली आला.

बार्बांनी पानं उपडी ठेवली.

५

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी त्यांनी सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं. सगळे म्हणजे गाश्पार, डॉक्टर, फादर फ्राने आणि तोन्का. भूल अजून उतरली नव्हती, त्यामुळे गुन्ह्याची उकल बरीचशी थुंकीसह झाली.

"दुपारी आपण जिंकलो ते तुझ्या तिर्रीवर," ते गाश्पारला म्हणाले. "कणभर तोंड वाकडं केलंस आणि पापणी लवायच्या आत सरळ. उजवा कोपरा. मला आत्ता बघ. बधिर तोंडाने माणसाला एक तर काहीच जमत नाही, नाही तर असा तमाशा होतो. तेवढी बारीक खूण करायला ओठ जागा लागतो. तुला भूल दिलीच नव्हती."

गाश्पार काहीतरी पुटपुटला.

"जीभ जड ठेवलीस, कॉफी परत पाठवलीस, सगळं छान केलंस. पण हातात तिर्री आली आणि चेहरा आपला आपण बोलला. झेलेनाकचा माणूस कबुलीजबाबातही खोटं बोलेल, पत्त्यांत भिडूशी नाही बोलणार."

फादर खाकरले, पण त्यांनी हरकत घेतली नाही.

मग पुढचं सरळ होतं. गाश्पार खुर्चीत नव्हता, तर डॉक्टर खोटं बोलला. डॉक्टर खोटं बोलला, तर तोही खुर्चीपाशी नव्हता. आणि काच पुसलेली होती. "चोर घाईत असतो, तो पुसत बसत नाही. पण सिन्योराच्या लिपस्टिकचा डाग होता, आणि डॉक्टरच्या हातून डाग पडलेल्या वस्तूला तसाच हात लागत नाही. स्वतःच्या घरी चोरी करायची असती तरी याने आधी स्पिरिट फिरवलं असतं."

डॉक्टर नेव्हेन खाली बसला. तो ज्यावर बसला ती रुग्णाची खुर्ची होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

का, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो डॉक्टरने स्वतःच सोडवला. जाहिरातीसाठी दाढेचा फोटो काढताना त्याने ती भिंगाखाली धरली होती. दाढेच्या मागच्या बाजूला, मखमलीत बुडणाऱ्या भागात, चांदी भरलेली होती. अलीकडची, सरकारी दवाखान्यात भरतात तशी, घाईघाईने. शेकडो वर्षांपूर्वीच्या हुतात्मा संताची दाढ कुणीतरी भरून दिली होती. मॉन्सिन्योरनी भिंग लावलं की संपलंच. जगभर हसं झालं असतं. त्यापेक्षा दाढ चोरीला गेलेली बरी. चोरीला गेलेल्या वस्तूला कुणी खोटी म्हणत नाही.

"आणि तोन्काचं घर?" बार्बांनी गाश्पारला विचारलं.

गाश्पार खिडकीबाहेर बघत म्हणाला की धक्क्यावरच्या त्या दोन खोल्यांत पाहुण्यांची सोय झाली असती, समुद्र अगदी पायाशी आहे. मग म्हणाला, "युगो होता, बार्बा. डोकंच ठिकाणावर नव्हतं."

"वारा तुझ्या बाजूने साक्षीला येईल तेव्हा बघू. दाढ कुठे आहे?"

डॉक्टरने नजर वर केली नाही, पण बार्बांनी खोलीभर पाहिलं आणि त्यांना विचारायची गरज उरली नाही. फडताळात एक मोठी काचेची बरणी होती, काढलेल्या दातांनी भरलेली. दाढ लपवायला बेटावर याहून चांगली जागा नव्हती. बार्बांनी बरणी पांढऱ्या कापडावर ओतली. शेकडो दात. त्यांत चांदी भरलेले पुष्कळ. डॉक्टर दोन-तीन दाढा उलटसुलट करत राहिला. कुठली ती आता त्यालाच सांगता येईना.

तोन्का पुढे आली. तिने घाई केली नाही. बोट कापडावर फिरलं, थांबलं, आणि तिने एक दाढ उचलून मुठीत घेतली.

"कशावरून?" डॉक्टरने विचारलं.

"रोज बघते."

ती मूठ उघडत नव्हती. बार्बांना तिचं दुपारचं बोलणं आठवलं, आणि पाटीखालची रिकामी जागाही आठवली. जे त्यांना खुर्चीत बसवून काढायचं नव्हतं ते आता समोर उभं होतं.

"बेपोची?" त्यांनी हळूच विचारलं.

फादर फ्राने उठले. वारा फिरला का बघून येतो, म्हणाले, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

तोन्काने उभ्या उभ्या सांगितलं. डबी साफ करताना जुनी दाढ बेपोच्या बोटांत भुगा झाली. त्याच महिन्यात त्याची स्वतःची काढलेली होती. संत दुसरी पाठवेपर्यंत माझी राहू दे, म्हणाला आणि ठेवली. संताने पाठवायच्या आत तोच गेला.

"पुरायला मला त्याचं नखसुद्धा मिळालं नाही, येरे. लोक काचेला ओठ लावतात ते संतासाठी. मी लावते ते तिच्यासाठी नाही."

भूल उतरू लागली होती. बार्बांच्या जबड्यात खोल कुठेतरी एक कळ जागी झाली आणि इकडेतिकडे बघू लागली.

डबी रिकामी दिसली तर गावाच्या लेखी तोन्काच चोर, आणि खरे चोर सांगितले तर चांदीही सांगावी लागणार. डबीत बेपोची दाढ ठेवली तर मॉन्सिन्योर चांदी बघणार, आणि ती पुरावा म्हणून बिशपच्या कपाटात जाणार. बार्बांनी दोन्ही बाजूंनी विचार केला. मग त्यांनी डॉक्टरला उठवलं आणि त्याच खुर्चीत स्वतः बसले.

"माझी कुणी कधी भरलेली नाही," ते म्हणाले. "काढ."

६

डॉक्टर नेव्हेनने आयुष्यभर जुन्या गोष्टी नव्या करून दिल्या होत्या. नवी गोष्ट जुनी करायची ही त्याची पहिलीच वेळ. ती रात्र तो कॉफी, वाइन आणि राखेशी झटत होता, आणि सकाळी त्याने बार्बांच्या हातावर ठेवली ती दाढ रोमन सम्राटाच्या काळातली नसती तर आश्चर्य वाटलं असतं. आपलं आजवरचं सर्वांत चांगलं काम कुणाला दाखवता येणार नाही, याचं त्याला मनापासून दुःख झालं.

गाश्पारकडून बार्बांनी दोन गोष्टी करून घेतल्या. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून, जड न झालेल्या जिभेने, त्याने सगळ्यांदेखत सांगितलं की दाढ सफाईसाठी आपणच नेली होती, तोन्काला सांगायचं राहून गेलं, चूक आपली. आणि समितीने रविवारची वाट न बघता ठराव केला की धक्क्यावरचं घर तोन्का असेपर्यंत तोन्काचं. ठराव मांडला गाश्पारने. अनुमोदनही त्यालाच द्यायला लावावं असं बार्बांच्या मनात होतं, पण फादर म्हणाले की नियमात बसत नाही.

मग वारा उत्तरेकडे फिरला. आकाश धुतल्यासारखं झालं, दारं पुन्हा बंद व्हायला लागली, आणि पहिल्या बोटीने मॉन्सिन्योर आले. त्यांनी डबी उघडली. भिंग लावलं. फादर फ्राने नवसाच्या नाकांकडे एकाग्रतेने बघत उभे होते. मॉन्सिन्योर पुष्कळ वेळ वाकून होते. सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"किती सोसलंय या दाढेने," ते म्हणाले. "मुळापर्यंत. ही हुतात्म्याचीच."

"फार सोसलं," बार्बा म्हणाले.

जाण्याआधी मॉन्सिन्योरनी डॉक्टर नेव्हेनची भेट ठरवून घेतली. वरच्या पुढच्या दोन दातांविषयी. वसंतात येतील, आठवडाभर.

त्या दुपारी तोन्का आणि बार्बा दफनभूमीत गेले. पाटीजवळ खणायला फार लागलं नाही. बेपोची दाढ तोन्काने एका काडेपेटीत घातली होती; ती तिने खड्ड्यात ठेवली, माती लोटली आणि हाताने थापटली, मुलाला झोपवतात तशी. जाताना तिने पाटीवरचं नाव डोक्याच्या रुमालाने पुसलं आणि पहिल्यांदाच तिथे फुलं ठेवली. इतकी वर्षं ती सगळी फुलं चर्चमध्ये नेत होती.

रविवारी संताच्या सणाची मिरवणूक निघाली. चांदीची डबी धक्क्यावरून, व्हिलावरून, बाजारातून फिरली. माणसं वाकली. पट्ट्या बांधलेले पाहुणे वाकले, वाकायला त्रास होत असून सिन्योरा ओर्नेल्ला वाकली आणि काचेवर डाग ठेवून गेली. गाश्पार सगळ्यांत जास्त वाकला. बार्बांची पाळी आली तेव्हा डबी त्यांच्या नाकासमोर येऊन थांबली, आणि जबड्यातल्या रिकाम्या जागेत, जिथे आता दुखायला काही नव्हतं, तिथे नेमकं ठणकलं. त्यांच्या तोंडून हलकेच एक कचकचीत शिवी निसटली.

डबी धरलेले फादर फ्राने पुढे झुकले.

"येरे," ते कानाशी म्हणाले, "आता जपून. तुझा थोडा भाग चर्चमध्ये आहे."